नवरंग आणि नारायण पेठेतले गृहस्थ

सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागून मी अकोल्याहून पुण्याला आले. बरोबरच्या मुली मोबाईल घेत होत्या, मी दुर्बीण घेतली. मला नवरंग पक्षी पाहायचा होता. हिरवी पाठ, पंखावर निळी चमक, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. पावसाळ्याच्या तोंडावर तो वेताळ टेकडीवर थोडे दिवस उतरतो आणि पाचोळ्यात किडे शोधत फिरतो, असं ऐकलं होतं.

मे संपत आला की मी पहाटेच टेकडी चढायचे. झाडीजवळच्या एका खडकावर नारायण पेठेतले एक निवृत्त गृहस्थ आधीच बसलेले असायचे. मी धापा टाकत पोचले की म्हणायचे, "उशीर केलात. आत्ताच गेला." एकदा मी अंधार असतानाच निघाले, तर म्हणाले, "प्रगती आहे. आज जरा कमी उशीर."

अशी वर्षं गेली. ऑफिसात पडद्यावर कोडच्या ओळी सरकत असताना मधेच पाचोळा वाजल्यासारखा वाटे.

एका सकाळी ढग टेकडीला टेकले होते. झाडीतून दोन सुरांची शीळ आली. गृहस्थ दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, त्याच्या पोटाचा रंग कुठला असतो?"

"तुम्ही तर दर वर्षी बघता ना?"

ते घुटमळले. "मी शीळ ऐकतो. शीळ थांबली, म्हणजे गेलाच असणार."

हसावं की रागवावं, मला कळेना. तेवढ्यात पाचोळ्यात काहीतरी टुणकन उडालं. तोच! मी दुर्बीण उचलणार, तर ती गृहस्थांच्या डोळ्यांना.

"मला द्या ना!"

"थांबा हो जरा."

मग मी नुसत्या डोळ्यांनीच पाहत राहिले. काही हरवल्यासारखा तो एकेक पान उलटत चालला होता. वारा नव्हता, आवाज नव्हता. चार-दोन उड्या मारून तो सावलीत विरून गेला.

"बदामी," गृहस्थ म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

माझी कंपनीची बस चुकली. त्या दिवशी परदेशातल्या क्लायंटशी फोनवर बोलताना मी खिडकीबाहेर बघत नुसती हो-हो म्हणत गेले. कशाकशाला हो म्हटलं, ते आमच्या टीमला शनिवार-रविवार ऑफिसात बसावं लागल्यावर कळलं. सगळे माझ्यावर करवादत होते. मला मात्र त्यातलं फारसं काही ऐकूच येत नव्हतं.