पंखांची पाठ

बिल्ला हातात आला की साहेब आधी तो उलटा करायचे. "तोंड कुणीही रंगवतं. पाठ बघू." मग डोळ्याला भिंग. मध्ये कुणी बोललं की डावा हात वर, "थांबा, माझं झालेलं नाही."

बोईसरच्या कारखान्यात ते माल तपासणीचे साहेब होते, मी त्यांच्या हाताखाली. निवृत्तीनंतर पालघरच्या घरी तोच खाक्या त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या बिल्ल्यांवर चालवला. छातीवरचे ते दोन पंख. पण कापड वेगळं, टाका वेगळा, मुकुट वेगळा, आणि प्रत्येक फरकाला वेगळी डबी. एकदा सफाळ्याचे एक गृहस्थ युद्धातला बिल्ला म्हणून मोठ्या ऐटीत आले. "युद्धात इंग्लंडच्या गादीवर राजा होता. हा मुकुट राणीचा, नंतरचा," म्हणून यांनी तो परत केला. गृहस्थ चहा न घेता गेले. छांदिष्ट माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण इतकी निर्दय नसतील.

म्हणूनच त्या सकाळी मला धास्ती वाटत होती. आमच्याकडे वाडीतले चिकू विकायला येणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या बाईंना मीच त्यांच्याकडे आणलं होतं. सोबत त्यांचे चुलतभाऊ.

"माजा बाप लढाईत विमान चालवायचा," साहेबांच्या हातात बिल्ला देत बाई म्हणाल्या. "मी पाळण्यात होते. तो आलाच नाय. हा त्याचाच हाय ना, भाऊ?"

"कसला विमानवाला! पळाला कुटंतरी," चुलतभाऊ म्हणाले. "काकीनं हा मुंबईच्या बाजारातून आणला, लोकांना दाखवायला."

हे बाईंनी जन्मभर ऐकलं होतं. आईनंही मरेपर्यंत ऐकलं होतं.

बिल्ला लखलखत होता. दर दसऱ्याला राखेनं घासून, कोयत्याशेजारी ठेवून त्याची पूजा होत होती. पिसं पार झिजलेली. घासलेला बिल्ला पाहिला की साहेब एरवी भडकायचे. त्या दिवशी त्यांनी तो नुसता उलटा केला. पाठीवर हळदकुंकवाचं पुट चढलं होतं. दात कोरायच्या काडीनं ते खरवडत राहिले. बाईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता.

"हा गणवेशावरचा नाही," ते म्हणाले.

चुलतभाऊ उठलेच. "बगितलंस? सांगत होतो ना?"

डावा हात वर गेला. "बसा. माझं झालेलं नाही."

मग ते बाईंकडे वळले. "गणवेशावरचे पंख कापडाचे, शिवून लावायचे. हे चांदीचे, लहान, मागे साडीची पिन. वैमानिक असे पंख सोनाराकडून घरच्या बाईसाठी करून घेत. लोकांना दाखवायला कुणी हे आणत नाही, गणवेशावरचे आणतं. हा वडिलांचा नाही ताई, आईचा आहे. त्यांनी तिला दिलेला. ते परत का आले नाहीत, ते मात्र हा सांगणार नाही."

बाई बराच वेळ रडल्या. निघताना साहेबांनी बजावलं, "आता घासायचं नाही." मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

यंदा दसऱ्याला मी बाईंच्या वाडीत गेलो. पूजेत कोयते होते, बिल्ला नव्हता. तो बाईंच्या खांद्यावर, पदराला लावलेला होता, काळा पडलेला. मी पुसायला बोट पुढे केलं, तर त्यांनी माझा हातच धरला.

"नको. तुमचे साहेब रागावतील."

साहेब गेल्याचं सांगायलाच मी आलो होतो.