वासूमामांचं न बांधलेलं घर

सरबतात बर्फ असला की वासूमामा आधी ग्लास कानाला लावायचे. आमच्या काळाचौकीच्या चाळीत लग्न असो की बारसं, एवढा उंचापुरा माणूस मान वाकडी करून ग्लास ऐकत बसलेला दिसायचा. मग ग्लास खाली ठेवत म्हणायचे, "मुको असा ह्यो. थंयलो बर्फ बोलता." थंय म्हणजे तिथे, अंटार्क्टिकात. तिथल्या जुन्या बर्फात कोंडलेली हजारो वर्षांपूर्वीची हवा पाण्यात सुटताना तडतडते, हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलं. "आपल्या पूर्वजांचो श्वास तो," अशी वर पुस्तीही जोडली. पुढे कितीतरी दिवस मी बर्फाला हात लावला नाही.

मामा आमच्या शेजारच्या खोलीतले, एका कॅन्टीनमध्ये आचारी. अंटार्क्टिकाला शास्त्रज्ञ जातात तशी त्यांना जेवू घालणारी माणसंही लागतात. मामा गेले ते केवळ घरासाठी. गावी खाडीकाठी त्यांचं मातीचं घर होतं. एका पावसाळ्यात ते बसलं, जोतं तेवढं उरलं. लग्न होऊन आल्यावर मामी पहिली काही वर्षं त्याच घरात राहिलेल्या. नंतर मुंबईच्या खोलीत आल्या, पण मनाने तिथेच होत्या. त्याच जोत्यावर घर उभं करायचं, पडवी कशी, चूल कुठे, हे त्या गॅलरीत तांदूळ निवडताना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मामांनाही दुसरी हौस नव्हती. म्हणून तर एवढ्या लांब गेले.

परत आले ते मात्र निराळेच होऊन. तिथे जहाजातून सामान उतरवताना त्यांच्या डोळ्यांदेखत बर्फाचा अख्खा कडा तुटून समुद्रात गेला होता. कडे तुटायचेच, असं बरोबरच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. पण खालचं पाणी तापत चाललंय, त्याची आम्हाला भीती वाटते, असंही सांगितलं. तो आवाज मामांच्या कानातून कधी गेला नाही. समोरच्या गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणायला घेतला तेव्हा प्रत्येक दणक्याला त्यांचा हात कढईवर थबकायचा. भाजी करपायची आणि मामी माझ्याकडे बघायच्या.

घराचा विषय निघाला की मामा म्हणत, "फुडल्या वर्षाक बघूया." अशी बरीच वर्षं गेली. शेवटी एका रविवारी मामी खनपटीलाच बसल्या, तेव्हा मामा कोळणीकडून बर्फ घेऊन आले. मामींच्या मोठ्या टोपात त्यांनी वीट उभी केली, पाणी ओतलं. एक तुकडा पाण्यात सोडून टोप काठोकाठ भरला, दुसरा विटेवर ठेवला.

"ह्यो तरंगता तो. वितळलो तरी पाणी वाढणा नाय," ते म्हणाले. "पण इटेवरचो बघ. ह्यो जमिनीवरचो. फुडचो बर्फ म्हणजे खाडीचो बांध. तो फुटलो की मागचो घसरत दर्यात येतलो. मगे आपला जोता खंय रवतला?"

विटेवरचा बर्फ वितळत गेला तसं टोपातलं पाणी काठावरून लादीवर उतरलं. मामींनी फडकं घेतलं.

"समुद्र काय उद्या येता?"

"उद्या नाय. पण येता."

"मगे वर सड्यावर बांधा."

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भाऊबंदांच्या नावांची ही रांग लागलेली, ते मामींनाही ठाऊक होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "आधी माझो टोप घासून द्या. म्हावऱ्याचो वास येता." त्यानंतर त्यांनी घराचं नाव काढलं नाही. मला मामांचं सगळं पटायचं. बुडणाऱ्या जागी कोण घर बांधेल, असं मीच मामींना समजवायचे.

विसर्जनाला आम्ही गिरगाव चौपाटीवर जायचो. मंडळाची सगळी माणसं गुडघाभर पाण्यात, आणि मामा चपला हातात घेऊन लांब कोरड्या वाळूवर. मी एकदा ओढायला गेले तर हात सोडवून घेत हळूच म्हणाले, "ह्या पाण्यात थंयला पाणी असा. माका वळाखता." हसावं की नाही ते मला कळेना. लाट मागे गेली तरी ते तिच्याकडेच बघत होते.

परळच्या हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत वॉर्डात स्ट्रेचर आदळलं की ते डोळे उघडून विचारायचे, "फुटलो?" मामी त्यांच्या कपाळावर हात ठेवून सांगायच्या, "नाय हो, नाय फुटलो. निजा तुमी." मामा गेले तेव्हाही मामींचा हात तसाच त्यांच्या कपाळावर होता.

यंदा पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला गावाहून मामांच्या पुतण्याने व्हिडिओ पाठवला. बांध ओलांडून खारं पाणी अंगणात शिरलेलं, माड पाण्यात उभे, आणि जोत्याचा एक कोपरा तेवढा वर दिसत होता. गॅलरीत सगळे गोळा झाले. मामा खरं सांगत होते रे, असं जो तो म्हणू लागला. मला तर भरूनच आलं. मी मामींना म्हटलं, "बघा मामी, केवढ्या नुकसानीतून वाचवलं तुम्हाला मामांनी."

मामींनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि शेवटपर्यंत पाहिला.

"ते खरा बोलले," त्या म्हणाल्या. "पण पाणी आता इला गो. तवसर तरी माका थंय रवाक मिळाला असता."

आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.