छतावरून दिसणारं कोकण

"चुप बसा, येतोय!" काका एक बोट वर करायचे आणि खोलीतला पंखासुद्धा बंद व्हायचा. नवखा माणूस दाराकडे बघायचा. पण येणारा दारातून येत नसे. हवामानाचा उपग्रह तो, खालच्या मुलखाचा फोटो धाडत दक्षिणेच्या आभाळातून यायचा.

बँकेच्या नोकरीमुळे मी तेव्हा काशीला, दुर्गाघाटावर भाड्याने राहत होतो. काका समोरच्या घरात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पिढ्यान् पिढ्या काशीकर. छतावर तांब्याच्या तारा वाकवून केलेला एरियल, खाली रेडिओ आणि त्याला जोडलेला सेकंडहँड कॉम्प्युटर. रेडिओतून टिक्-टिक् सुरू झालं की कॉम्प्युटर त्या आवाजाचं चित्र करायचा, ओळीमागून ओळ. आधी समुद्र, मग केरळ, मग कोकणचा किनारा. चित्र उलटं उमटायचं, म्हणून आम्ही सगळे माना वाकड्या करून बसायचो.

एरियल वानरं हमखास मोडायची. "रामाची फौज, काय बोलणार?" म्हणत काका पुन्हा तारा वाकवायचे. पण किनारा यायच्या आत बत्ती गेली, तर ते बत्ती येईपर्यंत जागचे हलत नसत. काळ्या पडद्यासमोर नुसते बसून राहत.

हा खटाटोप कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. काकू गेल्या त्या दुःखात काकांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. पुढे एकुलत्या एका मुलीला स्थळ आलं ते थेट रत्नागिरीकडचं. लग्न काशीतच झालं, स्टेशनवर निरोप झाला. तिकडे तिची सासू अंथरुणाला खिळली, त्यामुळे हिला निघता येईना. बापाला तर जाताच येईना. लेकीचं घर त्यांनी कधी पाहिलंच नाही.

एकदा त्यांनी घाटावरच्या शास्त्रीबुवांना विचारलं, "डोळ्यांनी बाहेर गेलं तर व्रत मोडतं का हो?"

बुवा हसले. "पाय इथेच ठेवा, म्हणजे झालं."

काकांनी ते अगदी मनावर घेतलं. एरवी खुर्चीवरही मांडी घालून बसणारा हा माणूस, चित्र येताना दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून बसू लागला.

दर रविवारी सकाळी ते एसटीडी बूथवरून मुलीला उपग्रहाची वेळ सांगायचे. "बेटा, अंगणात उभी राहा हं. वर बघ." आता तुम्हीच सांगा, ज्या चित्रात अख्खा तालुका मुगाएवढा, त्यात माणूस कुठला दिसायला? काकांना हे आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ढग नसले की ते किनाऱ्यावर बोट ठेवायचे. "ही इथे. जरा वाळली आहे." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण बोट उचलायचे नाहीत.

एका थंडीत काका गेले. मुलगी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी ती माझ्याबरोबर छतावर आली. वाकडा झालेला एरियल तिने हाताने सरळ केला.

"आज इतवार ना?" ती म्हणाली. "या वेळेला मी अंगणात असते."

मग तिने केस कानामागे सारले, पदर नीट केला आणि वर बघत उभी राहिली. खाली रेडिओ बंद आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी फोटो काढून होईपर्यंत हलू नये, तशी ती बराच वेळ हलली नाही.