हुसेनभाभीची सळई

आमच्या गावातलं पोरगं फौजेत भरती झालं, की निघायच्या आदल्या दिवशी शाळेच्या बागेत जांभळाचं रोप लावतं. पुढं ते रोप त्याची आई सांभाळते. रोप टवटवीत तर पोरगं खुशाल, अशी गावाची समजूत. तीस वर्षं मास्तरकी करताना मी या समजुतीला उघड हसलो. पण बनुबाईच्या ऋषिराजचं जांभूळ सुकायला लागलं तेव्हा मीही रोज सकाळी आधी तेच झाड बघायला जाऊ लागलो. ऋषिराज सीमेवर होता, आणि बनुबाईला अन्न गोड लागेना.

आमचा माण तालुका. पाण्याचं काय सांगायचं! टाकीचं पाणी जमिनीखालच्या पाइपातून अकरा झाडांना जायचं, ते शेवटच्या बनुबाईच्या झाडापर्यंत पोचतच नव्हतं. दोन प्लंबर येऊन गेले. दोघांनीही सुकलेल्या झाडापाशीच खड्डे घेतले, कोरडी माती पाहिली आणि सगळा पाइप नवा टाका म्हणाले. म्हणजे जेसीबी आला, आणि अकराही झाडांची मुळं तुटणार.

मग कुणीतरी मलकापूरच्या हुसेनभाभीचं नाव काढलं. साठीला टेकलेली काटक बाई, एसटीतून उतरली ती हातात लोखंडी सळई घेऊन. नवरा निजाम हुसेन नळाचा कारागीर. भिंती फोडून फोडून त्याचे कान गेले, तेव्हा गळतीचा आवाज ऐकायचं काम हिनं उचललं. आज पाचगणीच्या शाळासुद्धा बागेतला पाइप गळला की हिलाच बोलावतात. मला मात्र पटेना. सळईनं गळती शोधायला हा काय जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पायाळूचा खेळ आहे?

तिनं सगळ्या झाडांच्या तोट्या बंद करायला लावल्या, टाकीचा कॉक उघडला आणि माझ्याकडं वळली. "गुरुजी, तुमी लय बोलताय. जरा पल्याड बसा."

जन्मात मला कुणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं!

सळई मातीत रोवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, मग दोन पावलं पुढं. दीड तास बाई भर उन्हात वाकलेली. मी चहा पाठवला, तर भुरक्याचा आवाज होतो म्हणून तिनं परत धाडला. चौथ्या झाडापाशी ती थांबली.

"हितं हाय."

आम्ही सगळे हसलो. ते अर्जुनाबाईच्या जयराजचं झाड, बागेत सगळ्यांत देखणं. अर्जुना त्याची दर शनिवारी दृष्ट काढायची. मी तर सव्वीस जानेवारीच्या भाषणात 'आईची सेवा बघा' म्हणून त्याचे गोडवे गायले होते. भाभीनं कुणाला जुमानलं नाही. खुरप्यानं माती उकरत गेली, एक मूळ तुटू दिलं नाही. हातभर खाली पाइपचा सांधा तडकला होता. बागेचं निम्मं पाणी वर ओलसुद्धा न दाखवता तिथंच मुरत होतं, आणि मी त्याला सेवा म्हणत होतो.

सांधा बदलला. शेवटच्या तोटीला धार लागली, तशी बनुबाई ओल्या मातीत हात घालून रडली. मलाही राहवलं नाही. पण जमलेल्या बायांच्या नजरा अर्जुनाकडं वळल्या, जशी काही तिनंच चोरी केली होती.

अर्जुना हळूच म्हणाली, "आवं भाभी, आता माझ्या जयराजचं झाड वाळंल व्हय?"

"आठ-धा दिस मान टाकंल. लय पाण्याची सवय लागलीया त्याला. पर मरायचं न्हाई."

एवढं बोलून भाभीनं कडेची घागर उचलली आणि बनुबाईच्या हातात दिली. "तवर हिच्या झाडाला रोज एक घागर तुमी घाला. झाड वाळताना आईचं काय व्हतंय, त्ये हितं तुमच्याबिगर कुणाला ठाव न्हाई."

बायांच्या माना खाली गेल्या. बनुबाईनं डोळे पुसले, घागर भरून कमरेवर घेतली आणि अर्जुनाला म्हणाली, "चल गं, दोघी जाऊ."