वासराच्या वाटणीचा चहा

तरुणपणी मी एकदा चोरी केली होती. दुसऱ्याच्या गाईचं दूध काढलं, तेही दिवसाउजेडी, पदर खोचून, आणि वर मनाशी म्हटलं की मी या गावाला सुधारते आहे. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती. आता सत्तरी ओलांडली. उत्तरं बरीचशी विसरले, ती चोरी मात्र विसरता येत नाही.

घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या डिसेंबरात सांगावं लागलं, कारण माझ्या नातीनं माझं कौतुक करायचं ठरवलं.

नात पुण्याला शिकते. सुट्टीत आली ती तिकडच्या एका मैत्रिणीला घेऊन, ताडोबा दाखवायला. चंद्रपुरात घराची पायरी चढता चढताच तिनं जाहीर केलं, "आजी, आम्ही दोघी व्हीगन झालो. दूध, दही, तूप, अंडं, मटण, काहीच नाई."

"बरं झालं, माझं काम वाचलं," मी म्हटलं. "आत या."

काम कसलं वाचतंय. दोघींनी सोडलं होतं तेच, पण कारणं निराळी होती, आणि ती कारणं माझ्या स्वयंपाकघरात येऊन भांडायला लागली. नातीचं म्हणणं, गुरांच्या चाऱ्यापायी जगभरची जंगलं तुटतात, हवा तापते. चंद्रपूरचे उन्हाळे काढलेल्या पोरीला हे कुणी पटवून द्यावं लागत नाही. मैत्रिणीचं म्हणणं, उद्या हवा थंडगार झाली तरी गाईला त्याचं काय? जीव तिचा आहे, आपण हात लावायचा नाही, बस.

सकाळी मी पोळीबरोबर जंगलातला मध काढला. नातीनं बोट बुडवलं. "हा चालते. मध काढणारे लोक झाड तोडू देत नाईत."

"पण तो माशांचा आहे," मैत्रीण म्हणाली, आणि पिशवीतून सोयादुधाचा खोका काढला.

"आणि हा खोका किती गाड्या बदलून आला, ते विचार ना त्याले."

दुपारी मी माझी आरमोरीची कोशाची, रानातल्या रेशमाची साडी काढली. म्हटलं, एकीला देऊन टाकावी. नातीनं ती लगेच खांद्यावर टाकली. कोसा विकला जातो म्हणून तर जंगलात त्याची ऐनाची झाडं उभी आहेत, म्हणे. मैत्रिणीनं पुढे केलेला हात मागे घेतला. कोश उकळतात तेव्हा आत किडा असतो, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण चाळीस वर्षं ती नेसताना मी त्या किड्याची चौकशी केली नव्हती. साडीची घडी घालून परत पेटीत ठेवली.

संध्याकाळी मी चहा टाकला. माझा नेहमीचा कोरा, गूळ घातलेला. नात बघत राहिली.

"आजी, मी लहानपणापासून पाहून राह्यली. तू कोराच चहा पेते. दहीभात खात नाई, पेढा दिला का पदराले बांधते. काऊन?"

घरात समज होता की मला पित्त आहे. तो समज मीच मोठ्या काळजीनं सांभाळला होता.

"तू तं आमच्या आधीची व्हीगन निघाली," असं म्हणत तिनं मोबाइल उभा धरला. "सांग आजी, पृथ्वीसाठी सोडलं का जनावरांसाठी?"

मैत्रीणही पाट सरकवून पुढे आली. दोन दिवसांचा वाद आता माझ्या तोंडून मिटणार होता.

"दोन्हीसाठी नाही," मी म्हटलं. "लाजेपायी. मोबाइल ठेव खाली, मग सांगते."

लग्न झालं तेव्हा तुझे आजोबा भामरागडकडच्या एका खेड्यात मास्तर होते. माझं माहेर वरोऱ्याकडचं, गोठा भरलेला, घरात ताकाला तोटा नाही. त्या गावात माडिया लोकांची वीसेक घरं. बहुतेकांच्या दारी गाई, आणि गावात दूध थेंबभर नाही. गाय ठेवायची ती शेणासाठी आणि नांगराला बैल मिळावा म्हणून. दूध वासराचं. ते काढायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मी हुशार. मी काय समजले? या लोकांना दूध काढता येत नाही. झालं. शाळेतला तक्ता आणून मी झाडाखाली बायांचा वर्ग घेतला: दुधानं हाडं बळकट होतात. समोर बसलेल्यांपैकी एकीच्याही डोक्यावरची मोळी मला उचलता आली नसती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मोळ्या उचलून घरी गेल्या.

आमच्या शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. तिच्या बैलजोडीतला एक बैल वाघानं नेला होता. उरलेल्याला जोडी हवी, आणि नवा बैल कुठून आणणार? त्या साली तिच्या गाईला गोऱ्हा झाला. पण अगदीच अशक्त, पाय लटलट कापायचे. म्हातारी त्याला उचलून उन्हात नेऊन ठेवायची, ऊन सरकलं की तीही त्याला घेऊन सरकायची. तो जगला तर तिचा नांगर चालणार होता.

हे सगळं मला दिसत होतं. रोज कुंपणातून बघत होते.

आणि मग शाळा तपासायला साहेब येणार असा निरोप आला. साहेबाला कोरा चहा द्यायचा? माझ्या माहेरची अब्रू जाणार की काय, असं मला वाटलं. म्हातारी पाण्याला गेलेली बघून मी गडवा, आपला पितळी तांब्या, घेतला. गोऱ्ह्याला आधी आचळाला लावलं, गाय पान्हावल्याबरोबर ओढून खुंटाला बांधलं. माहेरी शिकलेली कला. अर्धा गडवा झाला आणि गाईनं लाथ घातली. मी शेणात बसले, पण गडवा वर धरला. तशीच पळाले. एक चप्पल तिथंच राहिली. अख्ख्या गावात टाचेची चप्पल घालणारे पाय माझेच.

साहेब आले, टेकले, आणि म्हणाले, "वहिनी, दूध घालू नका. मला पचत नाही."

नातीनं तोंडावर हात धरला. मैत्रीण हसली नाही. "मग त्या दुधाचं काय केलंत?"

"वाया जाऊ नये म्हणून मीच दोन कप चहा करून प्याले. फार छान झाला होता, हेही सांगून टाकते."

त्यानंतर गाय बिथरली. दोन दिवस कुणाला जवळ येऊ देईना, गोऱ्ह्यालाही नाही. तो तोंड घेऊन गेला की लाथ. म्हातारी त्याला मांडीवर घेऊन बोटानं तांदळाची पेज चाटवत बसली होती. ओरडली नाही, कुणाला काही विचारलं नाही. मी कुंपणाआडून बघायची आणि आत येऊन भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. तुझ्या आजोबांनी विचारलं, आज काय पाहुणे येणार आहेत का?

तिसऱ्या दिवशी सकाळी गाईनं त्याला चाटलं आणि पिऊ दिलं.

"वाचला?" मैत्रिणीनं विचारलं.

"वाचला. पुढे नांगराला जुंपला. चांगला माजोरी बैल झाला."

"म्हणजे जनावरांसाठीच झालं हे," ती नातीकडे बघत म्हणाली.

"थांब जरा. ती म्हातारी डुकराचं मटण खायची. लाल मुंग्यांची चटणी तर मलाही चाटायला लावली तिनं."

"मग दूधच काऊन नाई?" नात म्हणाली. "काई मेळ बसत नाई."

"तिचा बसत होता. मीच कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं? मी आपला दुधाचा चहा सोडला. दही सुटायला वर्ष लागलं, तुपाला तर दहा. तुम्ही दोघींनी जगाचा विचार करून सोडलंत. माझं एवढंच, कप तोंडाला लावला की ती चप्पल आठवते."

"चप्पल? ती तं तिथीच राह्यली होती ना?"

"तिनं आणून दिली की. गोऱ्हा प्यायला त्याच दिवशी. धुऊन, पुसून, आमच्या उंबऱ्यापाशी ठेवली."

"काही बोलली?"

बोलली. बाजारात शिकलेल्या मराठीत, सावकाश, मला नीट कळावं म्हणून.

"दूध उरलं असतं ना बाई, तं वासरूच घेऊन आलं असतं तुह्या दारी."