भुंग्याच्या अळीचं टेबल

सुलू, तू गेल्यावर ‘प्रयोगशाळेत तिच्याबरोबर वर्षं काढलीत, कॉलेजच्या स्मरणिकेसाठी तिच्यावर लिहा,’ म्हणाले मला. ‘शांत, मनमिळाऊ’ असलं काही मी लिहिणार नाही. तू शांत कधी होतीस?

चिंचणीच्या बागायतदाराची सून, पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, आणि डब्यात पाळायचीस काय, तर माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या! त्र्याण्णव साल. शेणखतात जन्म काढणारी ही अळी स्वतः कुजत कशी नाही, हे तुझ्या डोक्यात बसलं होतं. जंतूंत बुडवलेली सुई तिला टोचायची, दुसऱ्या दिवशी तिच्या रक्ताचा थेंब जंतू वाढवलेल्या बशीत ठेवायचा. थेंबाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटायचं. न टोचलेल्या अळीच्या थेंबाभोवती काही नाही. जखम झाली की भुंग्यांचं शरीर जंतू मारणारी इवलीशी प्रथिनं बनवतं, हे परदेशात नुकतंच छापून आलं होतं. आपल्या माडावरचा भुंगाही तेच करतो, हे तुला दाखवायचं होतं.

विभागप्रमुख खंडेराव सरांना तुझं कोपऱ्यातलं टेबल हटवायचं होतं, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटासाठी.

“मंगळवारी कडं दाखवा, नाहीतर टेबल रिकामं करा.”

रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून टोचलेल्या अळ्या तू घरी नेल्यास. तुझ्या सासूबाईंनी, माईंनी, डबा उघडला आणि माडाच्या वाडीत अळी दिसली की जे करतात तेच केलं. कोंबड्यांपुढे ओतल्या.

“माई, अहो, त्या माझ्या होत्या!”

“तुझ्या? आमी माड लावायचे नि तू भुंगे पोसायचे? बग, कोंबड्या कशा खूश हायत!”

डब्याच्या तळाशी शेणात एकच उरली होती. तिच्याच रक्ताचा थेंब तू बशीत ठेवलास. मंगळवारी कडं उमटलं.

“एका अळीनं काय सिद्ध होतं, बाई?”

“काहीच नाही, सर. म्हणून तर टेबल हवंय.”

शिपाई कपाट घेऊन आले. तू खुर्ची ओढून टेबलाशी बसलीस, डबा मांडीवर. “खाली ठेवा रे ते, कंबर धरेल,” म्हणालीस त्यांना. कपाट व्हरांड्यात राहिलं, पक्षी किड्यांनी खाल्ले, टेबल निवृत्तीपर्यंत तुझंच.

भरपूर अळ्यांसाठी माकुणसार गावी दिनानाथ या बागायतदाराच्या खताच्या खड्ड्यावर जायचं आपलं ठरलं होतं. त्याच आठवड्यात त्यानं खड्डा उपसून अळ्यांसकट खत वाडीत टाकलं. “पुढल्या वर्षी या,” म्हणाला. तोवर तू माईंच्या उकिरड्यातून चोरून भागवलंस, आणि पुढलं वर्ष दरवेळी पुढेच गेलं. झाकणाला भोकं पाडलेला डबा माझ्याकडे आहे. माकुणसार राहिलं.