शुक्रवारचं तेल

आमच्याकडे शुक्रवारी यंत्रमाग बंद असत. सहा दिवस कानठळ्या बसवणारी खटखट आणि शुक्रवारी एकदम शांत. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, गल्लीत कुणीतरी गेलं असावं. नंतर कळलं की सुट्टी माणसांना असते, मागांना नसते. त्या दिवशी ते उघडायचे, खाचाखोचांत साठलेली कापसाची रुई काढायची आणि जिथे म्हणून काही सरकतं, फिरतं, घासतं तिथे तेल द्यायचं. हे काम माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म केलं. दिघाशीकडच्या शेतकरी घरातून ते पोरवयात इथे आले, मागांची दुरुस्ती शिकले, आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते.

घरात आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. बाबांशी बोलणं अवघड नव्हतं. मागांच्या आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. बाबांच्या समोर उभं राहून नुसते ओठ हलवले तरी पुरायचं. अडचण उलटी होती. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्याने ते मात्र कायम कारखान्यात असल्यासारखे बोलायचे. त्यांनी घरात मीठ मागितलं की शेजारची बाई वाटी घेऊन यायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा कशेळीला एका गोदामात कारकून होता. तिथे नवे कॉम्प्युटर आले तेव्हा त्याने जुन्यांतला एक प्रिंटरसकट घरी आणला. पहिले पंधरा दिवस चाळीतल्या बायका तो बघायला येत होत्या. मी त्याच्यावर घालायला क्रोशाचं झाकण विणायला घेतलं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "मशीन काय झाकून ठेवाला आणलीय? चालव ना पोरी!"

लग्नाआधी मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. चांगले मार्क मिळाले होते आणि त्यांचा काडीचा उपयोग झाला नव्हता. बाबांनी तो केला. जवळच्या शाळेतला पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेले असताना त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, "माझी सून मशीनवर मराठी लिवते." सांगितलं बाईंना, ऐकलं सगळ्या वर्गांनी. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आमच्या घरी आल्या.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापून हव्या होत्या. आदल्या वर्षी पेपर छापखान्यातून फुटला होता, म्हणून बाईंना या वेळी काम घरातल्या घरात करणारं माणूस हवं होतं. त्यांच्या अटी सोप्या आणि कडक होत्या. कॉम्प्युटर घराबाहेर जाणार नाही, फ्लॉपीवर प्रत काढायची नाही, आणि टाइप केलेला मजकूर तपासून झाला की शिक्षकांच्या हातचा कागद शाळेत परत. शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर ज्यांच्यावरून प्रती निघतात त्या मेणकागदाच्या सगळ्या स्टेन्सिल अगदी शेवटी एकदम प्रिंटरवर कापायच्या आणि सोमवारी सकाळी बाईंच्या हातात द्यायच्या. "तुमच्या भरवशावर मी छापखान्याला नाही म्हणून सांगितलंय," बाई म्हणाल्या. लग्नानंतर एवढ्या वर्षांत माझ्या भरवशावर कुणी भात सोडून काही ठेवलं नव्हतं. मी तीन आठवडे जीव लावून टाइप केलं. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे विषय. गुरुवारी संपलं, शुक्रवारी मी माहेरी गणेशपुरीला एका बारशाला जाऊन आले आणि शनिवारी सकाळी आंघोळ करून, स्टेन्सिलचे कागद मांडून बटण दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळा तो काळाच.

मी बंद करून पुन्हा लावला. प्लग काढून घातला, पडद्याची वायर हलवून पाहिली, की-बोर्ड उपसून पुन्हा लावला, स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. काटा जागेवर होता. शेवटी देवाजवळ उदबत्ती लावली, तेही सांगून टाकते. बाबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पुढे होऊन तळहात कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला. माग बिघडला की ते असंच करायचे, आधी हात ठेवायचा आणि डोळे मिटायचे.

"मोटार चालू हाय. पंखा बी फिरतो," ते म्हणाले. "आत कुठंतरी धागा तुटलाय. त्याशिवाय मशीन अशी उभी ऱ्हात न्हाय."

"यात धागा नसतो बाबा," मी म्हणाले. माझा आवाज तेव्हाच चढला होता.

कोपऱ्यावरच्या फोनवरून मी नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावला. त्याने तिथल्या कॉम्प्युटर ऑपरेटरला फोन दिला. ऑपरेटरने विचारलं, "वहिनी, मशीन आवाज कसा करतेय? एकदाच बीप, की लांब लांब?" मला कुठला बीप ऐकूच आला नव्हता. शनिवारी खालचे माग पुन्हा जोरात सुरू झाले होते. मी घरी पळत आले, खिडक्या लावल्या आणि डब्याला कान लावून बसले. बाबांनी दुसऱ्या बाजूने हात लावला. एकाचा कान, एकाचा हात, असे आम्ही दोघं त्या डब्याला चिकटून बसलो होतो. मग ऐकू आलं. लांब बीप, थोडं थांबून पुन्हा लांब बीप.

परत फोनकडे धावले. "मेमरी," ऑपरेटर म्हणाला. "मशीन बंद करून झाकण उघडा. आत बोटाएवढ्या हिरव्या पट्ट्या उभ्या बसवलेल्या असतील. त्या काढायच्या, त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा आणि नीट दाबून परत बसवायच्या. तरी नाही झालं तर मी मंगळवारी येऊन मशीन घेऊन जातो." तो मंगळवारी आला तर त्याचा मला काय उपयोग, आणि मशीन घेऊन तरी कशी जाऊ देऊ? मशीन घराबाहेर जाणार नाही, असा शब्द दिला होता. सोमवारी सकाळी बाई शाळेच्या दारात उभ्या राहणार होत्या.

मी झाकण काढलं. बाबा समोर बॅटरी धरून उभे होते. मी आत पाहिलं आणि थबकलेच. महिन्यापूर्वी नवऱ्याने उघडून दाखवला होता तेव्हा आत नुसती रुई होती. भिवंडीतल्या कुठल्याही घरात, कपाटात, डाळीच्या डब्यात असते तशी. आता एक तूसही नव्हतं. डबा लख्ख होता. आणि आतून वास येत होता, बाबांच्या जुन्या शर्टांना यायचा तो. मागाच्या तेलाचा.

पहिली पट्टी उपसली. बोटं बुळबुळीत झाली.

मला एका क्षणात सगळं कळलं. काल शुक्रवार. मी घरी नाही. कॉम्प्युटरचा पंखा काही दिवस घरघरत होता, तेही हाताला लागलं असणार. बाबांनी सुट्टीच्या दिवशी मशीन उघडली, रुई काढली, पट्ट्या उपसून पुसल्या आणि त्या परत सुरळीत सरकाव्यात म्हणून खाचेखाचेत तेल सोडलं. लांब चोचीची ती कुप्पी त्यांनी निवृत्त होतानाही घरी आणली होती.

मी भडकले. माझा स्वभाव तसाच आहे, दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागत नाही. खाली मान घालून, त्या पट्टीकडे बघत मी पुटपुटले, "हात लावायला सांगितलं होतं कुणी? नको तिथे नाक खुपसायचं. आता तरी बसून खावं की गप!"

आवाज मागांच्या खटखटीत मलाच ऐकू आला नसेल. पण मी मान वर केली तेव्हा बाबांची नजर माझ्या ओठांवर होती. ज्या माणसाने आयुष्यभर ओठ वाचले, त्याच्या समोर, त्यानेच धरलेल्या उजेडात मी हे बोलले होते.

त्यांनी बॅटरी टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि ते जिना उतरून गेले.

मला रडू आलं, ते त्यांच्यासाठी की पेपरांसाठी ते तेव्हा कळलं नाही. मी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवत राहिले. दात चमकायला लागले, पण ज्या खाचांत ते बसतात त्या खाचा तेलाने भरलेल्या. जुन्या साडीचा काठ काडीला गुंडाळून फिरवला. तेल आणखी आत गेलं. पट्ट्या बसवून बटण दाबलं आणि डब्याला कान लावला. लांब बीप. पुन्हा लांब बीप. या वेळी दुसऱ्या बाजूला हात नव्हता. वाटलं, बाबा एसटी पकडून गावी निघून गेले तर मी नवऱ्याला काय सांगू? हेही मनात आलं की सोमवारी बाईंना पेपर दिले नाहीत तर मला पुन्हा कुणी काम देणार नाही, आणि बाबा तरी पुन्हा कुणाला सांगतील, माझी सून मशीनवर मराठी लिहिते म्हणून?

तासाभराने जिन्यावर पावलं वाजली. बाबांच्या हातात एक छोटी बाटली आणि मूठभर स्वच्छ कापूस होता. बाटली मी ओळखली. मागावर विणलेल्या कापडावर तेलाचा डाग पडतोच. तपासणीला बसलेली माणसं त्यावर एक औषध मारतात. डाग विरतो, औषध उडून जातं आणि कापड कोरडं राहतं. बाबा आपल्या जुन्या कारखान्यात जाऊन तेच मागून घेऊन आले होते.

"तेल कापडावर पडला तर ह्यानं निघतो," त्यांनी एवढंच सांगितलं. "हिकडं बी निघंल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी लावू हात?"

त्या तीन शब्दांनी माझं पाणी पाणी झालं. मी मान हलवली आणि खिडक्या उघडल्या, कारण ते औषध डोक्यात जातं. बाबांनी काडीला कापूस गुंडाळला, औषधात बुडवला आणि एकेक खाच साफ केली. त्या जाड, काळ्या पडलेल्या बोटांत ती काडी इतकी हलकी फिरत होती की मी बघतच राहिले. काळा कापूस टाकायचा, नवा घ्यायचा. कापूस पांढरा निघायला लागला तेव्हा ते थांबले. मी चहा केला. चहा होईपर्यंत खाचा कोरड्या झाल्या. पट्ट्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. "तू बसव."

मी बसवल्या. बटण दाबलं. डब्याला कान लावला.

एक छोटासा बीप. एकच. आणि पडद्यावर आकडे धावायला लागले.

बाबांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं आणि पडदा त्यांच्या बाजूला नव्हता. तळहात डब्यावर ठेवून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा चेहरा पाहून ते हसले, मग उठले आणि बाकावर जाऊन चहा प्यायले. पेपर सगळे जागेवर होते, इतिहासापासून बीजगणितापर्यंत.

शनिवार-रविवार मी स्टेन्सिल कापल्या. प्रिंटर करकरत होता, बाबा कापलेले कागद न वाचता, कोरी बाजू वर धरून खोक्यात रचत होते. मला माफी मागायची होती. पण नवरा घरात होता, त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जीभच रेटत नव्हती.

सोमवारी बाईंनी खोकं उघडलं, एकेक स्टेन्सिल उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "वार्षिकचेही तुम्हीच कराल ना?" मी घरी उडतच आले. बाबा दाराशी बसले होते. चाळीतल्या बायका नळावर होत्या, नवरा आत दाढी करत होता. मी बाबांच्या समोर उभी राहिले आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवून म्हणाले, "बाबा, परवा मी वाईट बोलले. मला माफ करा."

बाबांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माफी कसली मागतं पोरी! तेल तर मीच घातलाय ना कॉम्प्युटरमंदी!"

नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. अर्धा चेहरा साबणाने माखलेला नवरा बाहेर आला. खाली माग धडधडत होते, आणि माझ्या तोंडाकडे बघत बाबा उत्तराची वाट पाहत बसले होते. मीही मग मोठ्याने, अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाले, "येत्या शुक्रवारी परत साफ करा बाबा! तेल तेवढं नको!"